लाल हद्दीतली वरात

बायको हुशार आहे याचा भास्कर गावंडेला अभिमान होता. पण ती दुकानात, काउंटरच्या आत बसत होती तोवरच.

रायपुरातल्या गुढियारीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. वडील रेल्वेच्या नोकरीपायी वर्ध्याहून इथं आले आणि इथलेच झाले. पुढं इथल्या मराठी घरांतलं लग्न म्हटलं की फोटोला भास्कर, हे ठरल्यासारखंच झालं. मांडवात त्याचा शब्द चाले. तो म्हणेल तेव्हा नवरदेव हसायचा, तो म्हणेल तिथं विहीणबाई उभ्या राहायच्या. सुजाता मागं दुकानात अल्बम लावत बसायची.

मग शंकर नगरच्या एका लग्नात पोलिसानं त्याला हटकलं. ड्रोनचा नंबर विचारला. भास्करनं तो परदेशी ड्रोन ओळखीतल्या एकाकडून घेतला होता. त्याला नंबर बिंबर काही नव्हता. वधूपित्यानं मध्ये पडून सांभाळून घेतलं आणि समज देण्यावर निभावलं, पण चारचौघांत मान खाली गेली.

घरी आल्यावर सुजातानं मोबाईलवर सगळे नियम वाचून काढले. अडीचशे ग्रॅमहून जड ड्रोन असेल तर सरकारी साइटवर नोंदणी करायची, मिळालेला नंबर ड्रोनवर लावायचा. मंजुरी नसलेल्या परदेशी ड्रोनला नंबर मिळतच नाही. आणि धंद्यासाठी उडवायचा तर उडवणाऱ्याकडं प्रशिक्षण घेतल्याचं सर्टिफिकेट हवं. त्यासाठी दहावी पास पाहिजे, हे वाचताना तिचा आवाज जरा खाली आला. भास्कर दहावीला इंग्रजीत नापास झाला होता आणि पुन्हा बसलाच नव्हता.

"मग तूच कर," तो फणकाऱ्यानं म्हणाला. "तू तं बीए हायेस."

तो रागानं बोलला होता, तिनं ते मनावर घेतलं. प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आणलं. जुना ड्रोन कपाटावर गेला. नवा देशी ड्रोन घेतला, भास्करच्या नावानं नोंदवला. नंबर त्याच्या नावाचा, पण उडवणार ती.

पहिल्याच लग्नात भास्करला कळलं, काय होऊन बसलं ते. ड्रोन वर गेला तशा सगळ्या माना आधी आभाळाकडं आणि मग सुजाताकडं वळल्या. बायका तिच्याभोवती जमल्या. कुणीतरी तिला पायलट दीदी म्हटलं आणि तेच नाव पडलं. भास्कर नवरीला हनुवटी वर करायला सांगत होता, आणि नवरी पायलट दीदीकडं बघत होती.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखायला लागलं. घरी तो तिच्या शूटिंगमध्ये खोट काढू लागला. हे वाकडं, ते फार वरून, इथं उजेड कुठं आहे. गिऱ्हाइकाचा फोन आला आणि त्यानं दीदी येणार का विचारलं, की त्या दिवशी भास्कर जेवताना बोलायचा नाही. सुजाता त्याला काही विचारायची नाही, आणि त्याचाही त्याला राग यायचा.

श्यामराव पाटणकर त्याच्या वडिलांचे रेल्वेतले सोबती. त्यांच्या धाकट्या लेकीचं, कौमुदीचं लग्न माना रोडवरच्या लॉनमध्ये ठरलं. सुजातानं नकाशा पाहिला आणि सांगितलं, ही जागा विमानतळाच्या लाल हद्दीत येते. खास परवानगीशिवाय इथं ड्रोन उडवता येत नाही. तिनं स्वतःच श्यामरावांना फोन करून तसं कळवलं. श्यामरावांनी लगेच मानलं. वर म्हणाले, सूनबाई, तू म्हणशील तसं.

ते शब्द भास्करला झोंबले. इतकी वर्षं श्यामराव 'भास्कर म्हणेल तसं' म्हणत आले होते.

लग्नाच्या दिवशी त्यानं कपाटावरचा जुना ड्रोन गुपचूप पिशवीत घातला. संध्याकाळी वरात फाटकाशी आली, सुजाता कौमुदीच्या खोलीत होती. भास्कर लॉनच्या मागच्या बाजूला गेला आणि ड्रोन वर सोडला.

वरातीतले लोक वर बघून हात हलवू लागले. कुणीतरी ओरडून त्याचं नाव घेतलं. कितीतरी महिन्यांनी त्याचा ऊर भरून आला, आणि त्या भरात त्यानं ड्रोन अजून वर नेला, अजून वर.

तेवढ्यात झाडांमागून विमान आलं. उतरणीला लागलेलं, दिवे लावलेलं, वाटलं त्याहून कितीतरी खाली. दूर होतं, पण भास्करला ते सरळ आपल्या ड्रोनवरच येतंय असं वाटलं. कोणतं बटण दाबायचं तेच सुचेना.

ड्रोनचा आवाज ऐकून सुजाता धावत आली होती. तिनं रिमोट हिसकावला नाही. त्याच्या बाजूला उभी राहिली.

"वर नोका पाहू. रिमोटची डावी काडी खाली घ्या. हळू. अजून."

तिच्या आवाजावर त्यानं ड्रोन उतरवला. विमान गेलं, धावपट्टीवर टेकल्याची घरघर ऐकू आली. भास्कर तिथंच गवतात बसला. तिनं बॅटरी काढून पर्समध्ये टाकली आणि त्याला सांगितलं की उद्या ठाण्यात जाऊन हे आपणच सांगायचं. विमानात माणसं होती.

तो हो म्हणाला. मग खाली बघतच म्हणाला, "मले तुयावर जळण होते, सुजाता. लोक तुले पायलट म्हणतात, तं मले आग लागते."

"माहीत हाय मले," ती म्हणाली. "मलेही होत होती. तुमी मांडवात राजावानी फिरत, अन् मी दुकानात फोटो चिकटवत बसो. कोणालेच माहीत नोतं का ते अल्बम मी लावतो."

भास्करला हे कधीच कळलं नव्हतं. कळायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं ठाण्यात गेले. ड्रोन जप्त झाला, दंड झाला, आणि गुढियारीत ही गोष्ट पसरायची ती पसरलीच. पुढच्या लग्नात बायका पुन्हा सुजाताभोवती जमल्या. भास्करच्या पोटात पुन्हा कळ उठली. ती काही एका दिवसात जाणारी नव्हती. पण उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती, ते त्याला दिसलं. तो गेला आणि छत्री धरून तिच्या शेजारी उभा राहिला. कुणीतरी विचारलं, हे कोण? सुजातानं स्क्रीनवरची नजर न काढता सांगितलं, की फोटो यांचेच असतात, आणि अल्बम दोघांचा.