सातवं आवर्तन

मावशींनी पुन्हा एक आवर्तन आधीच तोंड उघडलं, आणि मास्तरांनी गिटारच्या तारांवर तळहात ठेवून गाणं जागच्या जागी थांबवलं.

"आठ," मास्तर म्हणाले. "मधल्या तुकड्याची आठ आवर्तनं, मग तुम्ही. आत्ता किती झाली होती?"

"सात झाली असतील," मावशी म्हणाल्या.

"सातच झाली होती."

"मग एकाचाच तर प्रश्न आहे."

ड्रमच्या मागे बसलेला बेकरीवाला हसू लपवायला खाली वाकला आणि पायाखालची सतरंजी सारखी करू लागला. दुपारपासून ती सतरंजी चौथ्यांदा सारखी होत होती. लिफ्टवाली मात्र हसली नाही. तिच्या बोटाखाली बेस गिटारची जाड तार अजून थरथरत होती. तिने ती हळूच दाबून गप्प केली आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मंगळवारी असा चेहरा आणि शनिवारी कार्यक्रम, हे काही बरं लक्षण नव्हतं.

ही सगळी मंडळी बेकरीच्या मागच्या खोलीत जमायची, दुपारी चार वाजता. भट्टी तेव्हा थंड झालेली असायची आणि बेकरीवाला रात्री आठलाच झोपायचा. भिंतींना लावून मैद्याची पोती रचलेली होती. पोत्यांमुळे आवाज घुमत नाही, हा शोध मास्तरांचा. शाळेत बावीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, त्याला सगळ्याचं कारण लागायचं. प्रत्येक गाणं ते चौकटीच्या कागदावर मांडून आणत, एका आवर्तनाला एक चौकोन, आणि खाली तारीख टाकत. आपण त्या दिवशी कुठवर आलो ते कळायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

मावशी ही बेकरीवाल्याची सख्खी मावशी, म्हणून मग सगळ्यांचीच मावशी. एकतीस वर्षं त्यांनी दवाखान्याच्या खिडकीत बसून रुग्णांचे नंबर पुकारले होते. आतला माणूस डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडायच्या आत त्या पुढचा नंबर पुकारत. बाकावर ताटकळत बसलेला माणूस यांना बघवायचा नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या बाकावरच्या माणसांवर एक गाणं केलं, चालीसकट, आणि तेच गाणं आता सगळ्यांच्या मानगुटीवर बसलं होतं. गाणं सुरेख होतं. मावशींचा आवाजही असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. फक्त मधल्या तुकड्यात आठ आवर्तनं नुसतं उभं राहायचं म्हटलं की मावशींचा जीव सातव्यातच वर यायचा.

"पुन्हा घेऊ," मास्तर म्हणाले.

पुन्हा घेतलं. पुन्हा सात. तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हा मावशी बोटांवर मोजत उभ्या राहिल्या, आठ पुरी झाल्यावरच उठल्या, म्हणजे गाऊ लागल्या, पण मोजण्याच्या नादात पहिल्या ओळीचे शब्दच विसरल्या.

"आठ म्हणजे आठ," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण वर्गात फळ्याशी उभ्या केलेल्या मुलाला ऐकवावं तसा तो आला, आणि ते त्यांचं त्यांनाही जाणवलं असावं, कारण ते उगाच कागद चाळू लागले.

मावशींनी पदर खांद्यावर नीट घेतला.

"हे बघा, तुमची कोणाची शोभा व्हायला नको," त्या म्हणाल्या. "शनिवारी बरोबर जागी उठले तर ठीक. नाही उठले, तर तुम्ही दुसरी बाई बघा. मी समोर बसून टाळ्या वाजवीन. रागावून नाही हो सांगत."

रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची समजूत तरी काढता येते. लिफ्टवालीने बेस खाली ठेवला आणि त्याच्या काळ्या अंगावर बसलेला मैदा फडक्याने पुसायला घेतला. पुसून झालं तरी ती पुसतच राहिली.

कारण ही तीन माणसं तिला फुकट मिळाली नव्हती. अकरा वर्षांत ही तिची पाचवी मंडळी. पहिल्या ठिकाणी ती बुटाची नाडी बांधायला वाकली की गिटारवाला तिच्या ॲम्प्लिफायरचा आवाज कमी करायचा. दुसऱ्या ठिकाणी बेस दिसायला छान दिसतो म्हणून ठेवला होता. तिसरे लोक मंडळीचं नाव काय ठेवायचं यावर आठ महिने भांडले आणि नाव न ठेवताच पांगले. चौथ्यांचा ड्रमवाला पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा वाजवायचा. घरी धाकटा भाऊ वेगळाच. पहिल्या दिवशी त्याने बेसच्या चार तारा मोजल्या आणि विचारलं, "ताई, उरलेल्या दोन कोणी पळवल्या?" गेली अकरा वर्षं तो तोच विनोद करत होता.

आणि मग एक दिवस या बेकरीतली मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये पाच पोती घेऊन अडकली. दुरुस्तीला हिला बोलावलं; सोळा वर्षं लिफ्ट दुरुस्त करणं हेच तिचं काम होतं. लिफ्टच्या पोकळीत अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ती काम करत असताना मागच्या खोलीतून कोणीतरी एकट्याने ड्रम वाजवू लागलं. घाई नव्हती, दिखावा नव्हता. प्रत्येक ठोका जिथे पडायचा तिथेच पडत होता, आणि दोन ठोक्यांच्या मधली जागा मोकळी सोडलेली होती. पाना हातात धरून ती ऐकत राहिली. दुसऱ्या दिवशी लिफ्ट तपासायला म्हणून आली ती बेस घेऊनच.

त्या दिवशी ती आणि बेकरीवाला तासभर एक अक्षर न बोलता वाजवत होते. मोठ्या ड्रमवर त्याचा पाय आणि तारेवर तिचं बोट अशा एकाच क्षणी पडत होतं की कुठला आवाज कोणाचा, हे तिचं तिलाच सांगता येईना. पोटात कुठेतरी खोल ऊब आली. अकरा वर्षं ती जे शोधत होती ते मैद्याच्या पोत्यांमध्ये सापडलं होतं. संध्याकाळी ती साडेचार किलोचा बेस खांद्याला लावून घरापर्यंत चालत गेली. बसने गेली असती तर कोणीतरी काहीतरी बोललं असतं, आणि मग ती ऊब मोडली असती.

शनिवारी वाचनालयाचं सभागृह पाचलाच भरलं. सव्वाशे खुर्च्या, मागच्या बाजूला उभी असलेली काही माणसं, आणि तिसऱ्या रांगेत तिचे वडील, इस्त्रीचा शर्ट घालून. मावशींनी नवी साडी नेसली होती आणि त्या कोणाशीच बोलत नव्हत्या. मास्तरांनी कागद समोरच्या उभ्या दांडीवर लावला, सरळ केला, पुन्हा सरळ केला.

पहिली तीन गाणी विनातक्रार पार पडली. चौथं मावशींचं.

त्यांनी पहिलं कडवं म्हटलं आणि सभागृहातली खोकल्याची उबळसुद्धा थांबली. मग मधला तुकडा आला. मावशी हात जुळवून उभ्या राहिल्या, मास्तरांची गिटार पुढे झाली. लिफ्टवाली मोजत होती. तीन, चार. गाणं कुठल्या सुरावर उभं आहे ते बेस ठरवतो. ती तुकड्याच्या सुरावर राहिली आणि मावशींनी कडवं उचललं, तर ते अधांतरी लटकेल आणि शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही काहीतरी चुकलं म्हणून कळेल. पाच. सहा. मावशींची जुळवलेली बोटं पांढरी पडली होती.

सातव्या आवर्तनाच्या शेवटी तिला मावशींचा श्वास ऐकू आला. नाकाने, छोटासा, दोन टप्प्यांत घेतलेला.

विचार करायला वेळ नव्हताच. तिचं बोट आठव्या आवर्तनाकडे निघालं होतं, ते वाटेतच वळलं आणि कडव्याच्या पहिल्या सुरावर जाऊन पडलं. त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, मागून बेकरीवाल्याचा पाय मोठ्या ड्रमवर आला. मावशींचा शब्द बरोबर त्यावर उतरला. मास्तरांची गिटार अर्धा श्वास अडखळल्यासारखी झाली आणि लगेच खाली येऊन शब्दांच्या मागे चालू लागली. एक अख्खं आवर्तन सव्वाशे माणसांच्या देखत नाहीसं झालं होतं आणि एकाचीही पापणी हलली नव्हती.

लिफ्टवालीच्या छातीत अभिमान असा दाटून आला की तिला खाली बघावं लागलं. सोळा वर्षं तिचं काम असंच, कोणाच्या लक्षात न येणारं होतं. लिफ्ट नीट चालली की आतला माणूस घरी काय आणायचं राहिलं याचा विचार करतो. आज तिला पहिल्यांदा वाटलं की सभागृहातल्या प्रत्येकाला ओरडून सांगावं, आणि हेही वाटलं की मरेपर्यंत कोणाला सांगू नये.

टाळ्या थांबल्यावर वडील पुढे आले.

"छान झालं," ते म्हणाले. "तुझं काही वेगळं ऐकू आलं नाही बघ. पण माझा पाय कधी हलायला लागला ते कळलंच नाही."

"मग ऐकू आलं की बाबा," ती म्हणाली.

वायरी गुंडाळताना बेकरीवाला तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"तू कशावरून ओळखलंस?" तिने हळूच विचारलं.

"श्वासावरून. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे राहायचो. जेवायला हाक मारायच्या आधी असाच घ्यायची. आपण कुठेही असलो तरी आधी तो श्वास ऐकू यायचा." त्याने वायरीला गाठ मारली. "मास्तरांना काय सांगायचं?"

"काही नाही. काही झालंच नाही."

तेवढ्यात मास्तरच मावशींसमोर येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले, मान थोडी खाली.

"मावशी, एक कबूल करायचं होतं. मधल्या तुकड्यात माझी मोजण्यात गफलत झाली. आठ पुरी झाली तरी मी वाजवतच निघालो होतो. तुम्ही वेळेवर उठलात म्हणून निभावलं."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"तुमची? मोजण्यात?"

"हो."

"असू दे हो मास्तर," मावशी म्हणाल्या, आणि गेल्या मंगळवारपासून आवळलेले त्यांचे खांदे हळूहळू खाली आले. "स्टेजवर होतं असं माणसाचं. पुढच्या वेळी माझ्याकडे बघत जा."

"बघेन."

"म्हणजे पुढच्या वेळी आहेस ना तू?" बेकरीवाल्याने विचारलं.

"मी नसले तर ह्यांना कोण सांभाळणार?" म्हणत मावशी झपाझप बाहेर टेम्पोकडे निघाल्या. दारात भेटलेल्या दोन बायकांना त्या काहीतरी सांगत होत्या, आणि त्यात मास्तरांचं नाव येत होतं.

बेकरीवाल्याने ड्रममध्ये तोंड घातलं होतं आणि त्याची पाठ हलत होती. लिफ्टवालीला हसू आलं, पण थोडं अपराधीही वाटलं. गणिताच्या मास्तरांना आज रात्रभर वाटत राहणार, आठपर्यंत मोजता आलं नाही म्हणून. बिचाऱ्यांना निदान खरं सांगावं, असं मनाशी ठरवत ती दांडीवरचा त्यांचा कागद काढायला गेली.

चौकटीचा कागद, शाईने आखलेले आठ चौकोन, नेहमीसारखे. सातव्या चौकोनाखाली मात्र पेन्सिलने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: बहुधा इथेच उठतील. तयार राहणे. आणि खाली मंगळवारची तारीख.

तिने ते दोनदा वाचलं. म्हणजे मंगळवारी घरी जाऊन माणूस आधी हे लिहायला बसला होता. दोघांनीच सांभाळलं, असं ती मघापासून समजत होती.

"माझा कागद राहिला का तिथे?" मागून मास्तरांनी विचारलं.

"घडी घालून देते," ती म्हणाली. तिने लिहिलेली बाजू आत घेऊन घडी घातली आणि कागद त्यांच्या गिटारच्या पिशवीत सरकवला. "दिसणार नाही कोणाला."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. चष्मा चांगला स्वच्छ होता.

तिने बेस खांद्याला लावला. पट्टा नेहमीच्या जागी बसला. अकरा वर्षांत पाच ठिकाणी फिरून आपण योग्य दारात येऊन पोचलो, याचा तिला इतका अभिमान वाटला की ॲम्प तिने एकटीनेच उचलला.

बाहेरून मावशींची हाक आली, "चला, चला, निघायचं ना?"

निम्मं सामान अजून स्टेजवरच होतं.