तळ्यात सोडलेली तार

दुपारच्या दोनला पाच कमी होते. दोन ते अडीच, एवढाच वेळ अफाट तळ्यापलीकडच्या किनाऱ्यावरचं रुग्णालय बेटांच्या हाका ऐकत असे. मग थेट उद्या सकाळी. आणि रेडिओतून नुसती खरखर सांडत होती, कुणी अंधारात बसून वाळू चाळावी तशी.

भिंतीपलीकडे न्सामा कालपासून अडली होती. मूल आडवं होतं.

"कापाम्ब्वे, त्या पेटीला गप्प कर," सुईण बाना म्पुंडू दारातून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "कित्वेला शिकायला गेला होतास, की नुसती न्शिमा खायला?"

"पेटी बंद केली तर रेडिओच मरेल, माई. त्याची स्वतःची बॅटरी गेलीय."

पेटी त्यानेच बांधली होती. सौर बॅटऱ्यांचे अठ्ठेचाळीस व्होल्ट ती बारांवर उतरवत असे, सेकंदाला लाखभर वेळा प्रवाह तोडून, पुन्हा जोडून. आणि त्या तोडण्याची थरथर तारांवाटे रेडिओत शिरे. ती गाळायला त्याने कपॅसिटर बसवले होते, आणि त्यांची टोकं चाळीस पावलं लांब तारेने तळ्यात सोडली होती. या बेटावर नकोसं ते सारं तळ्यातच सोडतात: राख, माशांची आतडी, पहाटेची वाईट स्वप्नंसुद्धा. त्यालाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

दोन वाजून नऊ मिनिटं. पलीकडे न्सामा ओरडली, मग ओरडायची थांबली. ते थांबणं अधिक भयंकर होतं.

वैतागून त्याने ती तार पायाने उडवली. खरखर बदलली. हाताने उचलली, वाढली.

म्हणजे तारच गात होती! त्या थरथरीला तळं नकोच होतं. जिथून निघाली तिथेच तिला परतायचं होतं, आणि त्याने तिच्या नशिबी चाळीस पावलांची वणवण लिहिली होती.

त्याने पक्कडीने तार छाटली. कपॅसिटरचे पाय बोटभर राखून पेटीच्याच पत्र्याला, स्क्रूखाली आवळले. रेडिओकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकत्र धरून, अशी थरथर अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून पाच वेढे दिले. बोटं सोलली.

खरखर ओसरली. दोन वाजून सव्वीस मिनिटं झाली होती.

"...बोला, रुग्णालय ऐकतंय."

"मूल आडवं आहे. मोटरबोट पाठवा!"

"बोट दक्षिणेला गेलीय, भाऊ. उद्या दुपारी येईल. तुम्हीच आणता का तिला?"

वल्हवत सात तास. खरखर असती तर चुकीचं ऐकलं, असं म्हणता आलं असतं. आता प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ होतं.

"सांग त्यांना, निघालो म्हणून," मागून बाना म्पुंडू म्हणाली. "डॉक्टरला जागं ठेवा म्हणावं."

"माई, सात तास..."

"मोजत बसलास तर आठ."

त्याने सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ऐकलं."

मग तो आत गेला आणि न्सामाला नावेकडे नेण्यासाठी तिच्या चटईचं एक टोक धरायला वाकला. न्सामाने डोळे न उघडता त्याचं मनगट पकडलं. त्या पकडीत अजून जोर होता.