जवाईबापूंनी पोट पोतारलं

“माझं पोट म्हंजे भट्टी हाय, मामा. दगड टाका, सांजच्याला पीठ.”

कड्याचा सुग्रीव चकलांब्याला सासरी बसून हे बोलला. धोंड्याचा महिना, जवायाचा मान. पुढ्यात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आन् वाढायला सासू केशरबाई टोपलं घेऊनच बसलेली.

सासरे धोंडीराम हसले न्हाईत. “दिस मावळंपर्यंत पोटाचं गाऱ्हाणं तोंडातून निघालं न्हाई, तर गोठ्यातला खोंड तुमचा. निघालं, तर सालभर हितं घरजावई ऱ्हायचं.”

“दाजी, इचार करा,” मेहुणा गहिनीनाथ म्हणला.

दाजींनी इचार केला न्हाई. टोपल्याचा तळ दिसला तवाच हात धुतला.

घडीभरानं छातीत जाळ उठला. घरात बोलायची सोय न्हाई. सुग्रीव मागच्या दारानं निघाला आन् गल्लीच्या टोकाला हकीमसाहेबांच्या ओसरीवर टेकला.

“आमच्या गावात एक गडी हाय. त्याच्या छातीत लई जळतंय.”

“और त्या गड्याचा हात पन असाच छातीवर है क्या?” हकीमसाहेबांनी इचारलं.

सुग्रीवनं हात काढला.

“मियाँ, हरभऱ्यात अनवाणी हिंडलं का पानावरच्या आंबट पान्यानं, आंबेनं, पाय फाटते ना? त्याच्याहून जालीम तेजाब पोट सोता बनवतं. जेवण जिरवायला. लोखंडाला पन खाईल.”

“मग पोटालाच कावून खात न्हाई?”

“आतून चिकट लेप है. बाया पांढऱ्या मातीनं भिंत पोतारते ना, तसा. झिजला का पोट नवा लावतं, रोज. पर नरड्याला तसा लेप न्हाई. गळ्यापर्यंत ठासलं का तेजाब वर चढतं, आन् तिथं जळतं. त्या गड्याला सांगा, आज काही खाऊ नको, आडवा होऊ नको.”

एवढ्यातलं सुग्रीवच्या ध्यानात एकच ऱ्हायलं: नरड्याला लेप न्हाई. मग आपण लावू की.

परसात केशरबाईनं भिंतीसाठी पांढरी माती भिजवली होती. सुग्रीवनं इकडं तिकडं बघितलं आन् वाटी भरभरून प्याला. खोटं कशाला बोला, गार वाटलं. मिशी पांढरी झाली, ती त्यानं धोतरानं पुसली.

दिस मावळला. गाऱ्हाणं निघालं न्हाई. धोंडीरामांनी तोंड वाकडं करून खोंडाचं दावं जवायाच्या हातात दिलं. बघायला आळी जमली.

पण पांढऱ्या मातीत चुनखडी असती, आंबट पडलं की फसफसती, आन् पोटात तेजाबाची काय कमी. सुग्रीव सासऱ्याच्या पाया पडायला वाकला, तसा ढेकर आला. असला ढेकर, की वेशीतली कुत्री उठून बसली. खोंडानं कान टवकारले, हिसका दिला आन् दाव्यासकट पळाला. सुग्रीव पालथा पडला.

“ढेकर गाऱ्हाण्यात धरायचा का?” गहिनीनाथनं इचारलं.

“न्हाई बे,” धोंडीराम म्हणले. “खोंड त्यांचाच. धरा म्हनावं.”

खोंड तवर शेजारच्या भिवराबाईच्या घरात शिरला होता. तिनं दळायला काढून ठेवलेली पाटीभर जवारी त्यानं खाल्ली. रात चढली तवा खोंडाचं पोट फुगलं. आता पोटाचं गाऱ्हाणं खोंडाचं, आन् खोंड सुग्रीवचा.