दोन श्वासांचा स्कार्फ

मी एक जुना स्कार्फ आहे, मित्रांनो. मी एक चेहरा आहे. नाही, हे चुकलं. मी कधीच कुणाचा चेहरा नव्हतो, तरी पंधरा वर्षं लोकांनी मलाच ओळखलं. पुन्हा सुरुवात करतो.

मी एक जुना सुती स्कार्फ आहे. निळा, त्यावर पांढरे ठिपके. मला चार टोकं आहेत आणि एक मधला भाग. टोकाटोकानं सांगतो. सलग सांगायला गेलो की माझ्या आत कुणीतरी श्वास घेतं आणि माझं बोलणं थांबतं.

पहिलं टोक

मी यंत्रमागावर विणला गेलो, रंगात बुडालो आणि शहराच्या बाजारात, गुलमंडीवरच्या एका दुकानात दोरीवर लटकलो. आपल्या शहरात गाडीवर जाणाऱ्या मुली तोंड कसं बांधतात ते तुम्ही पाहिलंच असेल. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं झाकायचं, मागं गाठ मारायची, फक्त डोळे उघडे. ऊन लागू नये, धूळ जाऊ नये म्हणून. घरी पोचलं की सोडायचं. आम्हा स्कार्फांचं काम एवढंच.

मला दीपमालानं विकत घेतलं. ती वैजापूरला तहसील कचेरीबाहेर लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. तिच्या कपाळावर आणि ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग होते. आरशासमोर मला बांधताना ती म्हणाली, "तुझ्या अंगावर ठिपके म्हणजे नक्षी. आणि माझ्या..."

पुढचं वाक्य तिनं माझ्या आतच ठेवलं. ते अजून तिथं आहे.

ती घरी पोचल्यावरही मला सोडायची नाही.

दुसरं टोक

आमच्याकडं अनोळखी मुलीला नाव नंतर विचारतात. आधी विचारतात, "कुणाची गं तू?" वैजापूरच्या बसस्टँडवर म्हाताऱ्या बाया विचारायच्या. दीपमाला सांगायची, "मनकर्णाबाईची." की लगेच, "व्हय व्हय, ती कोडाची पोरगी!" मग ती मला आणखी वर ओढायची.

दीपमालाचं घर ख्रिस्ती. लहानपणी आईबापांच्या विश्वासावर बाप्तिस्मा होतो. मोठं झाल्यावर चर्चमधल्या मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं, की माझा विश्वास आहे. त्याला दृढीकरण म्हणतात. त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला मिळतो. दीपमालानं तो दिवस बरीच वर्षं पुढं ढकलला होता. अखेर एका रविवारी तिचं नाव पुकारलं. ती उठली. सगळ्या माना वळल्या. ती आल्या पावली बाहेर पडली आणि पुन्हा दृढीकरणाला कधी उभी राहिली नाही. बाहेर चिंचेखाली तिच्या श्वासानं मी ओला झालो. पावसात भिजलो असतो तरी इतका ओला झालो नसतो.

मग सगळ्या जगानं तोंड बांधलं ते वर्ष आलं. त्या वर्षी दीपमाला माझ्या आत हसायची. कुणी तिला काही विचारत नव्हतं. त्याच साथीत ती गेली. तिला गुंडाळून नेलं. शेवटचा चेहरा तिच्या आईलाही दिसला नाही. मनकर्णाबाई तिच्या खोलीत आल्या, खुंटीवरून मला काढलं आणि नाकाला लावलं. त्यांनी मला कधीच धुतलं नाही.

तिसरं टोक

हे फाटलेलं आहे, म्हणून थोडंच.

मग मनकर्णाबाई शहरातल्या पुंडलिकनगरात मुलाकडं राहायला आल्या. तिथं त्यांची नात श्रेया. नववीत असताना तिच्या कपाळावर नखाएवढा पांढरा डाग उमटला. आजीनं कपाट उघडून मला काढलं.

"झाकून घे, लेकरा. लोकांची नजर लई वाईट."

"आजी, याला आत्याचा वास येतो."

"येऊ दे."

गाठ इतकी घट्ट मारली की हे टोक फाटलं.

चौथं टोक

त्या दिवसापासून माझ्यात दोन श्वास होते. एक आत-बाहेर व्हायचा. दुसरा नुसता आत असायचा.

चर्चमध्ये प्रार्थनेला बाया डोकं झाकतात. श्रेयाच्या ओठांजवळही पुढं एक डाग उमटला, म्हणून ती डोळ्यांखालीही झाकायची. मंडळीनं त्याचा भलताच अर्थ लावला. दाराशी बसणाऱ्या, वैजापुरात सोयरे असलेल्या गोजरबाई सगळ्यांना ऐकवायच्या, "बघा, किती मर्यादेची पोरगी! नायतर आमची नात मंजुषा. केस मोकळे सोडून देवासमोर, जशी काय जाहिरातीत उभीय!" तीन वर्षं माझं असं कौतुक झालं. का झाकतेस, असं श्रेयाला कुणी विचारलं नाही. मीही फुगून गेलो होतो, मित्रांनो. ही माझी चूक मी कबूल करतो.

यंदा श्रेयाच्या दृढीकरणाचे वर्ग सुरू झाले. एका संध्याकाळी बाकीचे गेल्यावर ती चर्चच्या धर्मगुरूंकडं, पाळकसाहेबांकडं थांबली. राजेंद्र हे त्यांचं नाव.

"पाळकसाहेब, त्या दिवशी स्कार्फ चालंल का?"

"डोक्यावर असू दे की. तोंडावर कशाला?" तिनं मला आणखी वर ओढलं, तसे ते म्हणाले, "देवाला स्कार्फाआडूनही दिसतं गं. अडचण आम्हा माणसांची आहे."

श्रेयानं मुठीत माझं फाटकं टोक धरलं. "गोजरमावशी म्हणतात, बाप्तिस्म्याचं पाणी जिथं लागलं, तिथंच आत्याला पहिला डाग आला. मलाबी तिथंच आलाय. म्हणजे देवानंच..."

पाळकसाहेबांनी कपाटातून बाप्तिस्म्याची पितळी वाटी काढून तिच्या पुढ्यात ठेवली.

"ह्याच वाटीतलं पाणी माझ्या कपाळाला लागलंय. गोजरबाईंच्याही. पाणी डाग पाडत नाही, श्रेया, आणि काढतही नाही. ते एवढंच सांगतं की तू कुणाची."

ती वाटीत बघत राहिली. "आत्याला हे कुणी सांगितलं होतं का?"

पाळकसाहेबांनी वाटी उगाच पुसली. "नाही. आम्ही पाळकांनी सांगायला पाहिजे होतं."

मधला भाग

इथं तोंड असायचं. इथं मी सगळ्यात विरलेला आहे.

दृढीकरणाच्या सकाळी श्रेयानं मला नेहमीसारखं बांधलं. आजी गाडीवर मागं बसली. चर्चच्या फाटकाशी गाडी लावून श्रेया तशीच उभी राहिली. आतला जुना श्वास जोरात हलला. मला चिंच आठवली. तीच माणसं नव्हती, तरी तशाच माना आत वाट बघत होत्या. खरं सांगतो, मी तिला घट्ट धरून बसलो होतो.

तिनं माझ्या आत, अगदी हळू म्हटलं, "प्रभू, मी तुझी आहे ना? मग बघू दे त्यांना."

आणि गाठीला हात घातला. तेवढ्यात आजीचे हात आले, गाठ परत आवळायला.

"ऱ्हाऊ दे गं, लेकरा. आत लई माणसं हायती."

"आजी, आत्यालाबी असंच म्हणालीस का?"

आजीचे हात खाली पडले. "व्हय," त्या म्हणाल्या. "मीच म्हणले."

श्रेयानं मला सोडलं, आजीच्या खांद्यावर ठेवलं आणि पायऱ्या चढली. दाराशी गोजरबाई बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. तीन वर्षं जिचं कौतुक केलं, तिला पहिल्यांदाच पाहिलं.

"कुणाची गं तू? नवी दिसतीस."

श्रेया म्हणाली, "देवाची. आन् मनकर्णाबाईची नात. दीपमालाची भाची."

गोजरबाईंची नजर तिच्या कपाळावर गेली, मग आजीच्या खांद्यावर. त्यांनी ओळखलं ते मला. "अगं बाई... श्रेया?"

पुढं तिचं नाव पुकारलं गेलं. माना वळल्या. ती उठली आणि चालत पुढं गेली. तिच्या उघड्या कपाळावर पाळकसाहेबांचा हात आला. तिनं भाकर घेतली, सगळ्यांसमोर खाल्ली. बायकांच्या बाकावर मनकर्णाबाईंनी मला तोंडात धरलं, रडू ऐकू जाऊ नये म्हणून. "दीपे," त्या माझ्यात म्हणाल्या, "मला माफ कर गं."

माझ्या आतलं दीपमालाचं अर्धं वाक्य होतं तिथंच होतं.

आता श्रेया मला उन्हात बांधते आणि पोचली की सोडते. आजीनं अजून मला धुतलेलं नाही, श्रेयाही आग्रह करत नाही. घरातले सगळे बाहेर गेले की खुंटीवर, वारा नसताना, मी थोडा हलतो.

मित्रांनो, आम्हाला उन्हाधुळीसाठी खुशाल वापरा. पण तुमच्या शेजारी कुणी सोडायचंच विसरून बसलं असेल, तर आमचं कौतुक करू नका. त्या माणसाशेजारी बसा, आणि ते कुणाचं आहे हे त्याला सांगा. ते जिवंत आहे तोवर सांगा. नंतर फक्त कापड उरतं, आणि कापडाला सांगून काही उपयोग होत नाही. मनकर्णाबाईंचं ते 'माफ कर' मी रोज ऐकतो ना.