टपावरचं मचाण

वच्छलाला कुठलीही गोष्ट नुसती बघून सोडून देता येत नसे. धानाने भरलेला ट्रक एकाच अंगाला का कलला, गिरणीचा पट्टा मध्येच का पिळलेला असतो, हे विचारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. सावली तालुक्यातल्या त्यांच्या गावात बाया तिला चौकशी ऑफिस म्हणत आणि ती ते नाव खुशाल मिरवत असे. पण त्या पौषात तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता आणि तो नुसता विचारून सुटणारा नव्हता. आत्याबाईला गाडीत कुठे बसवायचं?

आत्याबाई म्हणजे तिची सासू, अंजनाबाई. धान घरात आलं की गल्लीतली जवळजवळ सारी माणसं मिरची तोडायला तेलंगणात जायची, ती थेट होळीच्या सुमाराला परतायची. मागच्या वर्षी अंजनाबाई एकटीच घरी राहिली. तिला ताप भरला, ती चुलीजवळ पडून राहिली, आणि मागे थांबलेल्या शेजारच्या सत्यशीलाने भिंतीवरून डोकावलं नसतं तर काय झालं असतं, हे वच्छलाला अजूनही मनात आणवत नव्हतं. यंदा सत्यशीलाही मिरचीला निघाली होती. गल्लीत राहणार होत्या त्या कोंबड्या, आणि त्यातल्याही निम्म्या सोबत जायच्या होत्या.

त्या तापातून उठल्यावर म्हातारीने एक काम केलं होतं. पत्र्याच्या पेटीत तळाशी जपलेलं कोरं सुती लुगडं, पांढरं, बारीक काठाचं, तिने सगळ्यात वर काढून ठेवलं. मेल्यावर अंगावर घालायचं ते. "शोधाशोध नको कोनाले," एवढंच म्हणाली. वच्छलाला राग आला, रडूही आलं, आणि आता हिला ठेवून जायचं नाही हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

गाडी होती रोशनची. जुनी ट्रॅव्हलर, पण लेकरासारखी पुसून ठेवलेली.

"बाई, सीटा भरल्या," रोशन म्हणाला. "मागची सीट तर सामानातच जाते. तांदळाचे चुंगडे, सैपाकाचे गंज, गोधड्या. बुडीले बसवू कुठी, माझ्या मांडीवर?"

"सामान टपावर टाक ना."

"टपावर कॅरियर आहे काय?"

"नाई, तं लावून घे. काऊन लावत नाई?"

रोशनचा चेहरा पडला. त्याच्या आधीच्या जीपला कोणीतरी बोल्ट ठोकून कॅरियर लावून दिलं होतं. त्या भोकांतून पावसाळाभर पाणी झिरपलं, टप कुजला आणि जीप भंगारात गेली. "टीनाले एक भोक पाडू देणार नाई मी," तो म्हणाला. "बिनभोकाचं करून दाखवा, मंग मागची सीट बुडीची."

बिनभोकाचं कॅरियर! वच्छलाच्या डोळ्यांत चमकच आली. घरी येईस्तोवर तिने तीन वेळा थांबून वाटेतल्या गाड्यांचे टप न्याहाळले, आणि एका ट्रकवाल्याने तिला काय हरवलं म्हणून विचारलं.

तिचा नवरा वारलू मचाण बांधण्यात पटाईत. रानडुकरांपासून धान राखायला अर्ध्या शिवारातली मचाणं त्याच्याच हातची. त्याने बांबू आणले, पळसाच्या मुळांची दोरी भिजत घातली. ती ओली बांधायची, मग सुकता सुकता ती गाठ अशी आवळते की विळ्यानेच तोडावी. लांब बांबू, त्यावर आडवे, खाली टेकायला बांबूचेच जाड ठोकळे, भोवती हातभर कठडा. दोऱ्या उघड्या खिडक्यांतून आत घेऊन छताखालून आवळल्या. टीनाला ओरखडा नको म्हणून ठोकळ्यांखाली टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले होते, पण ते उन्हात चिकटून रंग सोलायला लागले, तेव्हा रोशनने स्वतःच ते उपटून फेकले.

बघायला गल्ली लोटली. सत्यशीला वर चढून बघते तो काय, मधोमध माणूस बसेल एवढी मोकळी जागा, आणि तिच्या कडेला माती लिंपून केलेला विस्तवाचा खळगा.

"वारलूभाऊ, हे काय जी? वर बसून मिरची राखाची आहे काय?"

वारलू ओशाळला. "हात चालत गेले," तो म्हणाला.

खळगा काढला, सामान चढवलं, आणि गाडी रस्त्यावर चालवून बघायचं ठरलं. वच्छला रोशनच्या शेजारी बसली. फाट्यापर्यंत सगळं झकास होतं. फाट्यावर एक बकरी आडवी आली आणि रोशनने करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली. मचाण काही थांबलं नाही. ते चुंगड्यांसकट पुढे सरकलं आणि समोरच्या काचेवर कठड्यासकट वाकून बसलं. बकरीने हे सगळं उभ्याने पाहिलं आणि ती चरायला निघून गेली.

वारलूने उभ्या जन्मात कितीतरी मचाणं बांधली होती. पण त्यातलं एकही कधी धावलं नव्हतं, आणि धावताना अचानक थांबण्याची पाळी तर कुठल्याच मचाणावर आली नव्हती. त्याने वजनाचा विचार केला होता, वाऱ्याचा केला होता, चढणाऱ्या डुकराचाही केला असेल, पण ब्रेकचा केला नव्हता.

"काच वाचली म्हणून बोलत नाई," रोशन म्हणाला. "पन हे उतरवा आता. परवा निघाचं आहे."

अंजनाबाई ओसरीवर बसून सगळं ऐकत होती. तिने कोणाला दोष दिला नाही. "जा तुमी," ती म्हणाली. "माझं लुगडं वर काढून ठेवलंच आहे."

पण मचाण उतरवायच्या आधी वच्छला टपावर चढली. बांबू मोडला नव्हता. गाठ एकही सुटली नव्हती. टपावर मात्र पुसटशा रेघा होत्या, सगळ्या सरळ, सगळ्या सारख्या लांबीच्या. म्हणजे मोडलं काहीच नाही, नुसतं घसरलं! तिने टीनावर तळवा फिरवला, मग बांबूवर फिरवला. दोन्ही गुळगुळीत. घसरणार नाही तर काय करणार, असं तिला त्या बिचाऱ्या मचाणाबद्दलच वाटून गेलं.

संध्याकाळी ती बोअरिंगवरून पाण्याचा गुंड डोक्यावर घेऊन येत होती. मागून सत्यशीलाने हाक मारली आणि वच्छला थबकली. गुंडातलं पाणी हिंदकळून तिच्या नाकावर आलं. गुंड मात्र डोक्यावर जागचा हलला नाही. गुंड गुळगुळीत, तेल लावलेले केसही गुळगुळीत, मग हा काऊन घसरत नाई? तिने हात वर नेला आणि तिच्या बोटांना चुंबळ लागली. डोक्यावर भांडं ठेवायच्या आधी कापड पिळून गोल करून ठेवतो ती चुंबळ, जी तिने लहानपणापासून रोज डोक्यावर घेतली होती आणि जिच्याबद्दल, चौकशी ऑफिस असूनही, एकदाही विचारलं नव्हतं.

घरी येऊन तिने स्टीलचं ताट तिरपं धरलं आणि त्यावर बांबूचा तुकडा ठेवला. घसरला. खाली स्वतःच्या जुन्या साडीची चिंधी घातली. तरी घसरला. वारलूच्या जुन्या सुती दुपट्ट्याची चिंधी घातली, तेव्हा ताट जवळजवळ उभं झालं तरी तुकडा चिकटून राहिला. "सुती पाह्यजे!" ती ओरडली. वारलूलाही हुरूप आला. तो म्हणाला, वरतून दोन दोऱ्या पुढच्या बंपरला अन् दोन मागच्या बंपरला ताणतो, म्हणजे पळाचं म्हटलं तरी पळता येणार नाई त्याले.

पण सुती कापड आणायचं कुठून? ती घराघरांत फिरली. सगळ्या साड्या पॉलिस्टर, गोधड्यासुद्धा त्याच साड्यांच्या. वारलूचे दुपट्टे इतके विरलेले की त्यांची मिळून एक चुंबळ झाली, आणि तीही ठोकळ्याखाली चपटी होऊन गेली. जाड, कोरं, भरपूर कापड हवं होतं. वच्छला हिरमुसून झोपली.

सकाळी ओसरीवर चुंबळी मांडलेल्या होत्या. घट्ट पिळलेल्या, टोकं आत खोचलेल्या, प्रत्येक ठोकळ्याला एक. वच्छलाने एक उचलली. पांढरं कोरं सूत, बारीक काठ. ती पेटीकडे धावली. पेटी उघडीच होती आणि वर काही नव्हतं.

अंजनाबाई अंगणात दात घासत होती.

"आत्याबाई, हे काय केलं तुमी?"

"सुती पाह्यजे म्हनून तूच त बोंबलत होती," म्हातारी म्हणाली. "जा, लावून पाह्य."

वारलूने चुंबळी ओल्या करून ठोकळ्यांखाली सारल्या, दोऱ्या बंपरला ताणल्या आणि चुंगडे पुन्हा चढवले. या वेळी अंजनाबाई कोणाला न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसली. सगळ्यांनी उतरायला सांगितलं, पण ती ढिम्म हलली नाही.

"अन् सरकलं तं?" रोशनने विचारलं.

"सरकलं तं मले कायचं जी? माझं लुगडं वरतेच आहे," म्हातारी म्हणाली. रोशन हसावं की नाही या विचारात पडला.

फाट्यावर आज बकरी नव्हती. रोशनने आपणहून वेग घेतला आणि करकचून ब्रेक मारला. वच्छला डॅशबोर्डवर आदळता आदळता राहिली. तिने डोळे मिटून घेतले होते ते उघडले. समोर काच, काचेपलीकडे मोकळा रस्ता. तिने दार उघडून वर पाहिलं. मचाण होतं तिथेच होतं, आणि ठोकळ्यांखालून लुगड्याचा बारीक काठ डोकावत होता.

"बसली बाप्पा बुडी मागच्या सीटवर," रोशन म्हणाला.

वच्छला मागे जाऊन सासूच्या शेजारी टेकली. आता मात्र तिला रडू आवरेना. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमच्यासाठी दुसरं घ्यावं लागन आता लुगडं."

"घेजो ना," अंजनाबाई म्हणाली. "पन पांढरं नको घेजो. मळखाऊ रंगाचं घेजो. मिरचीत नेसाचं आहे मले."