खोटं बोलणारा काटा

गाडी उकळली भर चौकात आणि खापर फुटलं सिस्टरच्या डोक्यावर. आता गाडी म्हणजे काय, चार माणसं कशीबशी मावतील एवढीशी. पण तिची स्वतःची, तिच्या नावावरची. ती घेऊन सिस्टर दिवसभर घरोघरी फिरायची, अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची. म्हणून सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणे. गल्लीचं सोडा, सख्खा दीरसुद्धा सिस्टरच म्हणायचा. काही काम असलं की मात्र त्याला बरोबर ‘वहिनी’ आठवायची.

त्या संध्याकाळी त्याला वहिनी आठवली.

“वहिनी, तापमानाचा काटा लालवर जाईपर्यंत तुम्ही काय झोपा काढत होता?”

“काटा हललाच नाही भाऊजी. थंडवरच होता. वाफ दिसली तेव्हा मी गाडी बंद केली.”

“असं कसं होईल? सेन्सर कोरा करकरीत आहे. स्वतः बाबांनी बसवलाय!”

झालं! बाबांनी बसवलाय म्हटल्यावर त्या घरात पुढे बोलायची सोयच नव्हती. घर सगळं प्लंबरांचं. सासरे प्लंबर, नवरा प्लंबर, दीर प्लंबर. जेवतानासुद्धा तुंबलेल्या मोऱ्यांच्या गप्पा. त्यात सासऱ्यांचा दबदबा असा, की त्यांनी जोडलेला सांधा उभ्या जन्मात गळला नाही असं लोक सांगत. अलीकडे त्यांचे हात कापायला लागले होते. मुलांनी गोड बोलून त्यांना कामावर नेणं बंद केलं, तेव्हापासून म्हातारा दारात खुर्ची टाकून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसायचा. मग गाडीचा तापमानाचा काटा उगाच नाचायला लागला. सेन्सर बदलायला हवा असं निघालं, आणि म्हाताऱ्याने बाह्या सरसावल्या. “आट्यांचं काम ना? मग ते आपलं काम,” म्हणाले. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले होते, हे सिस्टरने पाहिलं होतं.

गॅरेजवाल्याने सांगितलं, रबरी पाइपला चीर पडून पाणी गेलं, म्हणून उकळली. पाइप बदलला, इंजिन थोडक्यात वाचलं. पण ‘बाईने काट्याकडे बघितलं नाही’ हा शिक्का काही पुसला जाईना. दिराला बरेच दिवस पाइप वाहायला छोटा टेम्पो हवा होता. त्याचं आयतंच फावलं. ही गाडी देऊन टाकू, टेम्पो घेऊ, आणि सिस्टरने जवळपासचे पेशंट चालत बघावेत, असं त्याने परस्पर ठरवूनही टाकलं. लांबच्या पेशंटांचं काय? त्यांनी बघावं आपापलं! विहिरीजवळच्या आजींची पाठ सडली तरी याचा टेम्पो आला पाहिजे.

सिस्टरला दिराचा राग आला, पण तो नेहमीचा राग होता. जीव जळला तो नवऱ्याच्या बोलण्याने.

“अगं, मान्य करून टाक ना,” तो हळूच म्हणाला. “चूक काय, कुणाकडूनही होते.”

“माझ्याकडून झाली असती तर केली असती मान्य. उद्या मी स्वतः बॉनेट उघडणार आहे. चूक माझी निघाली तर हसत सही करून गाडी देते. नाही निघाली, तर या घरात पुन्हा कुणी माझ्या गाडीचं नावसुद्धा काढायचं नाही. आहे कबूल?”

“कबूल!” दीर टाळी वाजवून म्हणाला. नवरा उठून आत गेला. सासरे खुर्चीतून ओरडले, “बघ बघ! माझा सांधा उघडून बघ! डोळे दिपतील!”

दुसऱ्या दिवशी सिस्टरने कामावरून आल्यावर पदर खोचला. सेन्सर म्हणजे इंजिनात पाण्याच्या वाटेवर, स्क्रूसारख्या आट्यांनी फिरवून बसवलेली बोटाच्या पेराएवढी पितळी वस्तू, डोक्यावर एक वायर. गॅरेजवाल्याने जाता जाता एक युक्ती सांगितली होती, ती तिने केली. किल्ली फिरवली, सेन्सरची वायर काढली आणि तिचं टोक क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवलं. काटा सटकन उडून लालवर गेला! म्हणजे काटा धडधाकट, वायर धडधाकट. वायर परत सेन्सरला लावली, तर इंजिन तापलेलं असूनही काटा मेल्यासारखा खाली.

“बोल की रे मेल्या,” ती सेन्सरला म्हणाली, आणि उठून स्पेअर पार्टच्या दुकानात गेली.

दुकानदार पुढे तसाच नवा सेन्सर ठेवत म्हणाला, “एकाच वायरीचा आहे ना हा? मग करंट परत कुठून जाणार? आट्यांतून. याचे आटे हीच याची दुसरी वायर. ते उघडे लोखंडाला टेकले पाहिजेत. आट्यांवर काही गुंडाळलेलं नाही ना?”

सिस्टरने पैसे मोजले आणि नवा सेन्सर पिशवीत टाकला. प्लंबरच्या घरातल्या बाईला विचारता, आट्यांवर काही गुंडाळलंय का? अहो, त्या घरात बरणीचं झाकणसुद्धा गळती थांबवायची पांढरी टेप लावल्याशिवाय बसत नाही!

परतताना ती मुद्दाम लांबच्या रस्त्याने आली. म्हाताऱ्यावर तिचा जीव होता. माहेरची आठवण येते का, हे त्या घरात तिला फक्त त्यांनी विचारलं होतं. त्यांची चूक चारचौघांत दाखवायची म्हणजे त्या कापणाऱ्या हातांवर वर्मी घाव. गप्प बसावं का? बसले तर गाडी गेली, पेशंट गेले, आणि जन्मभर ‘बाईने बघितलं नाही’ हे ऐकत भाकऱ्या थापा. छे! दया करायची तर आपल्या वाटणीची करावी, पण दुसऱ्याचं खोटं अंगावर घेऊन मिरवू नये. दारात पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं.

सकाळी इंजिन गार असताना तिने सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं. सासऱ्यांची खुर्चीही आणली. मग पाना लावला. सेन्सर सुटला तसं भोकातून पाणी यायला लागलं, ते तिने अंगठ्याने दाबून धरलं आणि काढलेला सेन्सर वर केला. आट्यांवर पांढऱ्या टेपचे वेढ्यावर वेढे होते, वर सांध्यात भरायचा सफेदा फासलेला. आटे नावालाही दिसत नव्हते.

“वा! काय बांधलाय!” दीर म्हणाला. “थेंब गळणार नाही.”

“थेंब नाही गळणार. करंटही नाही जाणार,” सिस्टर म्हणाली. तिने नवा सेन्सर तांब्याच्या वायसरसकट उघडाच बसवला, बेताने आवळला, वायर लावली, कमी झालेलं पाणी भरलं, इंजिन चालू केलं आणि दार सताड उघडं ठेवलं. सगळे काट्याकडे बघत राहिले. तो जरा वेळ पडून होता. मग हळूहळू, लाजत लाजत, उठला आणि मध्यावर येऊन थांबला.

“आता बोला भाऊजी. झोपा कोण काढत होतं?”

दिराने डोकं खाजवलं. पण सिस्टरचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. नवरा एकटाच काट्याकडे बघत नव्हता. तो चपलेच्या टोकाने माती उकरत होता, आणि त्याच्या तोंडावर नवल म्हणून नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं.”

“तसं नाही...”

“टाक्यांवर पंप बसवता तुम्ही. तिथे असलेच सेन्सर असतात. तुम्हाला माहीत होतं!”

तो खाली बघूनच पुटपुटला, “गॅरेजमधून गाडी आणली तेव्हा वाकून बघितलं. टेप दिसली. पण बाबांना कुठल्या तोंडाने सांगणार? त्यांचं हे शेवटचं काम होतं. मन मोडलं असतं त्यांचं.”

“आणि माझं? माझं मन काय रबराचं? त्यांचं मोडू नये म्हणून माझं मोडलंत! वर मलाच म्हणालात, मान्य करून टाक!”

तेवढ्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. म्हातारा उठून उभा राहिला होता. हात थरथरत होते, पण आवाज दणदणीत.

“मी म्हातारा झालोय. मेलो नाही अजून! माझी चूक मला सांगितली असती तर मी चार शिव्या घातल्या असत्या आणि पुन्हा बसवलं असतं. तुम्ही माझी चूक उचलून पोरीच्या नावावर केलीत? माझ्या घरात?” ते सिस्टरकडे वळले. त्यांचा आवाज एकदम उतरला. “सूनबाई, मला पहिल्याच दिवशी तू ओरडून सांगायला हवं होतंस.”

“सांगितलं होतं बाबा. काटा हललाच नाही, असंच सांगत होते. कुणी ऐकलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.”

म्हाताऱ्याने मान डोलावली. दोनतीनदा डोलावली. मग खुर्ची उचलायला गेले, आणि दीर धावला तर त्याचा हात झिडकारला.

“गाडीचं नाव आता मी काढणार नाही, वहिनी,” दीर म्हणाला.

“काढून बघा,” सिस्टर म्हणाली.

तिने पिशवीत पट्ट्या, कापूस, मलम भरलं आणि गाडीत बसली. कामाची वेळ झाली होती. नवऱ्याची साइट विहिरीच्याच वाटेवर होती, आणि रोज तीच त्याला सोडायची. सवयीने तो दुसऱ्या बाजूला आला आणि दाराच्या मुठीला हात घातला. तिने आतून खटका दाबला.

“अगं, उघड ना. उशीर होतोय.”

काच दोन बोटं खाली करून ती म्हणाली, “आज चालत जा. रस्ता लांब आहे. मला काय सांगायला हवं होतं आणि काय सांगितलंत, तेवढं वाटेत आठवून ठेवा. संध्याकाळी मी विचारणार आहे.”

आणि आजींची पाठ तिची वाट बघत होती, म्हणून तिने गियर टाकला आणि निघाली.