घरासाठी वेगळी टोपली

आमच्या वाडीत चिकू उतरवले की त्यांचे दोन वाटे होतात. सारख्या आकाराचे, कडक, सालीला डाग नसलेले चिकू धुऊन, पुसून खोक्यात जातात. खोक्याला सुतळी बांधली की पुन्हा त्याच्याकडे बघायचं नाही. संध्याकाळी टेम्पो येतो आणि खोके घेऊन जातो. पोपटाने चोच मारलेले, खारीने कुरतडलेले, झाडावरच पिकून खाली पडलेले चिकू मागे उरतात. ते बांबूच्या टोपलीत टाकायचे. ती टोपली घराची.

लग्न होऊन मी पाम गावात आले त्याच आठवड्यात सासूने मला ती टोपली दाखवली होती. "ही आपली," एवढंच म्हणाली. त्याला आता अठ्ठेचाळीस वर्षं झाली. खोक्यातला चिकू मी कधी खाल्ला नाही. कुणी मनाई केली होती असं नाही. ते मनातच आलं नाही. माझा मुलगा मितेश लहान असताना अख्ख्या चिकूसाठी रडायचा, तेव्हा मी त्याला सांगायचे, "पोपट काय येडा हाय? एवढं झाड सोडून त्यानं हाच का फोडला? गोड असंल म्हणूनच ना!" पोराला ते पटायचं. सांगून सांगून मलाही पटलं होतं.

मितेशची बायको स्वरा बोईसरजवळच्या सरावलीची. तिचे वडील खंडेराव पस्तीस वर्षांपूर्वी साताऱ्याकडून तारापूरच्या एका केमिकलच्या कारखान्यात कामाला आले आणि तिथेच राहिले. स्वरा पालघरला वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करायची. वाडीच्या कागदांसाठी मितेश तिथे जायचा. कागदांचं काम संपलं तरी त्याच्या फेऱ्या संपल्या नाहीत, तेव्हा मला कळलं. खंडेरावांनी मात्र गावाकडच्या एका घरी स्वरासाठी शब्द दिला होता. लग्न रजिस्टर झालं. स्वराची आई, इंदुबाई, आली, तिने सही केली. खंडेरावांनी ड्युटी असल्याचं कळवलं. त्यानंतर आठ महिने त्यांनी आमच्या घरात पाऊल ठेवलं नाही. फोनवर "बरी हायस ना?" विचारायचे आणि फोन इंदुबाईंच्या हातात द्यायचे.

जानेवारीत इंदुबाईंचा फोन आला, "रविवारी यायचं म्हणत्यात. जेवायचं काय बोलले न्हाईत."

फोन ठेवून स्वरा ओटा पुसायला लागली. मग म्हणाली, "आई, बाबा ज्या घरात जेवत नाहीत ना, त्या घराशी त्यांचं काही नातं नसतं."

"जेवतील की. मी वालाचं बिरडं करते."

"गोड मी करणार. टार्ट."

मला टार्ट माहीत नव्हता. तिने सांगितलं. ती चौथीत असताना खंडेरावांनी बोईसरच्या बेकरीतून एक टार्ट आणला होता. बिस्किटाची छोटी वाटी, आत मलई, वर फळं आणि काजू. सुरीने त्याचे चार तुकडे केले. दोन्ही मुलींना एकेक, इंदुबाईंना एक. चौथाही मुलींनीच वाटून खाल्ला. "आम्हाला वाटायचं, बाबांना गोड आवडत नाही," स्वरा म्हणाली. "लग्नात लोकांच्या घरी त्यांना चार-चार जिलब्या खाताना पाहिलं तेव्हा कळलं. मला त्यांच्या ताटात एक अख्खा टार्ट वाढायचाय."

शनिवारी दुपारी आम्ही दोघी कामाला लागलो. तिने वहीत कृती उतरवून घेतली होती. तिचे हात पिठात, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. मी एकेक ओळ बोटाने धरून सावकाश वाचते. स्वरा म्हणाली, "असंच वाचा. एक ओळ होईतो माझं मळून होतं." मैद्यात थंडगार लोणी चुरून, पिठीसाखर घालून तिने गोळा केला, तासभर फ्रिजमध्ये ठेवला. मग तो लाटून झालरीच्या छोट्या साच्यांत बसवला आणि ओव्हनमध्ये ठेवला. थोड्या वेळाने काचेतून बघितलं तर सगळ्या वाट्या मधोमध फुगून वर आलेल्या.

"पुऱ्या झाल्या गं," मी म्हटलं.

ती हसली नाही. वही माझ्या हातातून घेऊन तिने मागचं पान बघितलं. आम्ही दोघींनी एक ओळ सोडली होती. भाजताना वाटीत कागद घालून वर काहीतरी जड ठेवायचं होतं, कडधान्य चालेल असं लिहिलं होतं. मी डब्यातले वाल काढून दिले. बिरड्यासाठी भिजवायच्या वालांना आधी ओव्हनमध्ये जाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला वाट्या नीट बसल्या. कडा बदामी झाल्या, घरभर लोण्याचा वास सुटला. ते वाल मात्र वाया गेले. किती भिजवले तरी ते फुगेनात, मग बिरड्याला शेजारून मोड आलेले आणले.

निजायच्या आधी स्वरा म्हणाली, "आई, उद्या टार्टवर घालायला चांगले चिकू काढून ठेवाल?"

मी टोपली घेऊन बसले. एकेक चिकू दाबून, हुंगून निवडला. पोपटाने जरासाच फोडलेले, आतून मऊ, मधासारखे. माझ्या हिशेबाने घरातले सगळ्यात चांगले चिकू मी सुनेला दिले.

रविवारी ती दोघं बाराला येणार होती, दहालाच आली. रिक्षा वाडीच्या फाटकाशी थांबली, त्यामुळे खंडेराव आणि इंदुबाई पुढच्या दाराने न येता झाडांतून मागच्या पडवीकडे आली. पडवीत एका बाजूला मितेश शेवटचा खोका भरत होता. सुतळी बांधलेले बाकीचे खोके भिंतीशी लावले होते. दुसऱ्या बाजूला मी वाल सोलत होते आणि स्वरा पाटावर बसून चिकूंचा टोचलेला भाग सुरीने काढून टाकत होती. समोर सालींचा आणि काळ्या तुकड्यांचा ढीग.

खंडेराव पायरीशीच थांबले. चप्पल काढली नाही.

"हे काय करतीस?"

"बाबा! या ना. टार्टसाठी चिकू चिरतेय."

"किडके?"

"किडके नाहीत. पोपटानं फोडलेत."

त्यांनी मितेशपुढच्या उघड्या खोक्यात बघितलं. "आन ते?"

"ते बाजाराचे, मामा," मितेश म्हणाला. त्याला काही कळलंच नाही. मलाही त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

"बाजाराचे," खंडेराव म्हणाले. "चांगले बाजाराला. आन पाखरांचं उष्टं माझ्या पोरीला."

"व्याही, तसं नाय," मी म्हटलं, "आमी सगळीच..." आणि पुढे बोलता येईना. सगळीच तेच खातो, हे सांगायला निघाले होते. पण ते सांगून काय सिद्ध होणार होतं? अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी ती टोपली बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांनी बघितली. त्या माणसाने मुलगी दिली नव्हती, ती आमच्याकडे आली होती. ती इथे कशी आहे ते बघायला तो आठ महिन्यांनी आला होता, आणि त्याला हे दिसलं होतं.

"इंदू," ते म्हणाले, "रिक्षा गेली का बघ."

स्वराचा हात थांबला. सुरी बाजूला ठेवून ती खाली बघत बसली.

मी उठले, कोयता घेतला आणि भिंतीशी लावलेल्या एका खोक्याची सुतळी कापली.

"आई! बांधलेला खोका!" मितेश ओरडला.

"गप रे." खोका ओढत नेऊन मी खंडेरावांच्या पायाशी ठेवला. "घ्या व्याही. यातले घ्या. पण आज ते..."

आज ते खाता यायचे नाहीत, हे माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आत त्यांनी एक चिकू उचलला. लांब, गुळगुळीत, पहिल्या नंबरचा. बाहीला पुसला आणि आम्हा सगळ्यांना दाखवत कचकन चावा घेतला.

कडक चिकू चार-पाच दिवस पेंढ्यात पिकवावा लागतो. वाडीतलं लहान पोरसुद्धा तो तोंडात घालत नाही. खंडेरावांचा चेहरा आधी ताठ झाला, मग गोळा झाला. तुरटपणाने जीभ वळेना. चीक ओठांना लागला आणि ओठ एकमेकांना चिकटले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण नुसता "म्म, म्म" असा आवाज आला.

इंदुबाई पायरीवर बसल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. "बरं झालं माझे बाई! आठ महिनं घरात टकळी चालू होती. आज गप झालं."

"खोबरेल लाव गं," मी स्वराला म्हटलं. "तेलानं सुटतो."

ती धावत बाटली घेऊन आली. वडिलांच्या समोर उभी राहिली, बोटावर तेल घेतलं आणि त्यांच्या ओठांवरून, मिशांवरून हळूहळू चोळत राहिली. ते तिच्याकडे बघत होते. कितीतरी दिवसांत त्यांनी तिच्याकडे इतक्या जवळून बघितलं नसावं. ओठ सुटले.

इंदुबाईंचं हसू आता ओसरलं होतं. "पाखरांचं उष्टं म्हणता," त्या म्हणाल्या. "आपल्यात काय होतं वो? दर दिवाळीला कंपनीचा सुक्या मेव्याचा डबा यायचा. कधी फोडला? एकदा तुमच्या थोरल्या भावाला, एकदा सायबाच्या नातवाच्या बारशाला. माझ्या पोरींनी त्या डब्यावरचं चित्र बघितलंय निस्तं."

"पाहुण्याला द्यायला काय तरी लागतं," खंडेराव हळूच म्हणाले.

"आन आजबी आणलाय की! बघा." त्यांनी पिशवीतून डबा काढला. लाल, चकचकीत, प्लास्टिक तसंच गुंडाळलेलं. "व्याह्यांकडं द्यायला."

मग खंडेरावांनी चप्पल काढली. पडवीत आले, स्वराच्या शेजारी खाली बसले. डबा मांडीवर घेऊन नखाने प्लास्टिक सोलायला लागले. कारखान्यात काम केलेली जाड बोटं, कड सापडेना. मितेशने कोयता पुढे केला तर त्यांनी मान हलवली. शेवटी दाताने फाडलं.

"घाल," ते लेकीला म्हणाले. "सगळं घाल. काय राखू नको."

मी बोईसरहून आणलेले स्वस्तातले तुकडा काजू आमच्या डब्यातच राहिले. खंडेरावांच्या डब्यातले अख्खे काजू, बदाम, पिस्ते स्वराने जाडसर चिरले. दूध आटवून केलेलं कस्टर्ड वाट्यांत भरलं, त्यावर पोपटाने फोडलेल्या चिकूच्या फोडी गोल मांडल्या, वर सुका मेवा, आणि पुन्हा दहा मिनिटं ओव्हनमध्ये ठेवलं. बदाम तांबूस झाले, चिकूच्या कडांना गुळासारखा रंग आला.

जेवायला या म्हणावं लागलं नाही. बिरडं, भात, तांदळाची भाकरी झाल्यावर स्वराने वडिलांच्या ताटात एक अख्खा टार्ट ठेवला. खंडेरावांनी तो उचलला, दोन्ही हातांनी मधोमध मोडला आणि एक अर्धा इंदुबाईंकडे सरकवायला लागले.

"बाबा, अख्खा तुमचा आहे," स्वरा म्हणाली. "आईला वेगळा आहे."

ते थांबले. दोन्ही अर्धे परत ताटात ठेवले, एकमेकांना जुळवून. मग खाल्ला. ताटात पडलेला चुरा बोटाच्या टोकाने वेचून खाल्ला. स्वरा उठून मोरीवर गेली. नळ बराच वेळ चालू होता.

निघताना ते पडवीत उघड्या खोक्यापाशी थांबले. "हे कधी पिकायचे?"

"पेंढ्यात ठेवते. गुरुवारपतोर होतील," मी म्हटलं.

"गुरुवारी सेकंड शिफ्ट हाय मला." चप्पल घालता घालता ते म्हणाले, "शुक्रवारी येतो मग."

त्या संध्याकाळी टेम्पोत एक खोका कमी गेला. मितेश दोनदा म्हणाला, "आई, अख्खा खोका?" मी पेंढा पसरून त्यात एकेक चिकू ठेवला, वर गोणपाट टाकलं. रोज सकाळी उघडून, दाबून बघायचे.

गुरुवारी दुपारी घरात मी एकटीच होते. पेंढ्यातून एक चिकू काढला. पिकला होता. त्याला कुठे चोच नव्हती, दात नव्हता, पडल्याचा डाग नव्हता. मी तो हातात फिरवत राहिले. आतापर्यंत खाल्लेला प्रत्येक चिकू मी पाखराने जिथे फोडला तिथूनच उघडला होता, म्हणून कुठून सुरुवात करायची ते अंगठ्याला कळेना.

मग देठाकडून फोडला. खरं सांगायचं तर पोपटाच्या चिकूइतका गोड नव्हता. तरी सगळा खाल्ला, आणि उरलेले शुक्रवारसाठी झाकून ठेवले.